उकळीसाहेबांनी स्वतःवर लिहिलेला अहवाल

लोक त्यांना उकळीसाहेब म्हणत, अर्थात तोंडावर नाही. हॉटेलांतलं, खानावळींतलं उरलंसुरलं डुकरांना घालायचं तर आधी तासभर खळखळून उकळायचं, असा नियम. तो पाळला जातो का, हे बघणं ही त्यांची नोकरी. बावीस वर्षं ते लोकांच्या काहिलींपुढे घड्याळ धरून उभे राहिले. पंचावन्न मिनिटांनी कुणी जाळ ओढला, की पुन्हा पहिल्यापासून उकळायला लावत. अशा माणसाला मित्र नसतात. त्यांनाही नव्हते.

थोरला भाऊ गेल्यापासून वहिनी चाळीस डुकरांचा कारभार एकटीने ओढत होती. दीरच तपासनीस, म्हणजे सवलत मिळत असणार, असं शेजाऱ्यांना वाटे. सवलत कसली? तिच्याकडे ते काहिलीचा तळसुद्धा खरवडून बघत.

त्या गुरुवारी तपासणी आटोपून ते शेडजवळच्या बाकावर डबा खायला बसले. एक लंगडं पिल्लू कुंपणाशी येऊन टक लावून बघत राहिलं. साहेबांचा हात आपसूक डब्याकडे गेला. सॉसेजचा उरलेला तुकडा त्यांनी त्याच्यापुढे टाकला आणि पिल्लाने तो न चावता गिळला.

फाटकापर्यंत गेल्यावर त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला, आणि ते तिथेच मटकन बसले. डुकराच्या मांसाचं सॉसेज. त्यात रोग असला तर एवढासा तुकडा पुरतो. मग चाळीसच्या चाळीस डुकरं मारून पुरावी लागतात.

"भावजी, चक्कर आली का?" वहिनी धावत आली.

"नाही. मी पिल्लाला डब्यातलं घातलं. न उकळता."

वहिनीने रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नजर टाकली. मग हळूच म्हणाली, "कुणी बघितलं?"

"मी बघितलं."

"तुमचं सोडा हो."

ते सोडता आलं असतं तर त्यांनी केव्हाच दुसरी नोकरी धरली असती. त्यांनी तिथेच अहवाल लिहिला. दोषी म्हणून स्वतःचं नाव, खाली तपासनीस म्हणून स्वतःचीच सही. रोग दिसतो का ते कळेपर्यंत, म्हणजे एकवीस दिवस, एकही डुक्कर आत नाही की बाहेर नाही. सोमवारी वहिनीचं गिऱ्हाईक अकरा डुकरं न्यायला येणार होतं, ते दुसऱ्या दारी गेलं.

रोज सकाळी वहिनी एकेका डुकराचा ताप मोजून कुंपणाआडून आकडे सांगायची, साहेब बाहेर उभे राहून लिहून घ्यायचे. याखेरीज दोघांत अबोला. लंगड्याचा आकडा ती मुद्दाम शेवटी सांगायची. तोवर साहेब त्याच्या रकान्यावर पेन टेकवून उभे असत, आणि तिला ते ठाऊक होतं.

एकवीस दिवसांत एकालाही ताप आला नाही. बंदी उठली, पण साहेबांची चौकशी राहिली होती. त्यांना कामावर ठेवायचं की काढायचं, हे वरचे ठरवणार होते. त्याआधी नुकसान झालेल्या मालकाचं म्हणणं हवं होतं. कारकून कागद घेऊन वहिनीकडे आला. साहेब फाटकाबाहेर उभे होते. आत यायला त्यांना कुणी म्हटलं नव्हतं.

वहिनीने चष्मा लावला आणि सावकाश लिहिलं, "दिराने माझं गिऱ्हाईक घालवलं. मला त्यांचा फार राग आला आहे. तपासनीस मात्र हेच ठेवा. दुसऱ्या कुणी मला सांगितलंच नसतं."