देवानं मत मागितलं नव्हतं

त्या दिवसांत मी प्रार्थनेला बसायचे आणि एक शब्दही न बोलता उठायचे. मूळची मी नगरकडची. आमच्या घरात पणजोबांपासून ख्रिस्ताचं नाव आहे, त्यामुळे प्रार्थना कशी करावी हे मला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. पण त्या काही आठवड्यांत डोळे मिटले की समोर प्रभू यायचा नाही, आमच्या पास्टरांचा चेहरा यायचा, आणि माझ्या मुठी वळायच्या. इतका राग घेऊन देवासमोर बसावं की बसू नये, हेच मला कळेनासं झालं होतं.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. माझे यजमान मरीन इंजिनियर. सिंगापूरच्या बंदरातून ते जहाजावर चढले की महिनोन् महिने मी तिथल्याच बिशान भागातल्या फ्लॅटमध्ये एकटी असायचे. शेजारी लिम नावाचे निवृत्त टॅक्सीचालक आणि त्यांची बायको राहत. मी त्यांना अंकल-आंटी म्हणायचे. अंकलना राजकारणाचं भारी वेड. एका छोट्या पक्षाची पत्रकं ते वर्षानुवर्षं खालच्या कॉफीशॉपसमोर उभे राहून वाटत, आणि त्यांचा उमेदवार दरवेळी पडे. "हरलो तर काय, उभं राहायचं लाह," असं तिथल्या बोलीतला 'लाह' शेवटी लावून म्हणत आणि हसत. पुढे त्यांना यकृताचा आजार झाला. एकदा दुखणं फार वाढलं तेव्हा मी त्यांच्या उशाशी बसून प्रार्थना केली. इंग्रजी सुचेना, म्हणून मराठीतच केली. दुसऱ्या दिवशी अंकल म्हणाले, "तू काय बोललीस ते कळलं नाही. पण झोप लागली." मग ते आपणहून विचारू लागले, येशू कोण, तो कुणाचा, म्हाताऱ्यांनाही घेतो का. आणि एका रविवारी स्वच्छ शर्ट घालून माझ्याबरोबर चर्चला आले.

आमची मंडळी मोठी होती. पाया लेबारच्या बाजूला एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर उपासना भरायची. ड्रम, गिटार, भरलेल्या खुर्च्या. अंकलना गाणी आवडली. ते शेवटच्या रांगेत बसून टाळ्या वाजवायचे. पण त्या वर्षी निवडणूक आली आणि मंडळीच्या वडीलजनांपैकी एक गृहस्थ अंकलच्या पक्षाविरुद्ध उभे राहिले. मतदानाच्या आधीच्या रविवारी पास्टरांनी त्यांना स्टेजवर बोलावलं आणि डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. तेवढ्यावर थांबले असते तर मी काही म्हटलं नसतं. पण पुढे ते म्हणाले की या माणसाला देवानं नेमलंय, आणि जो याच्याविरुद्ध मत देईल तो देवाच्या हाताविरुद्ध उभा राहील. आपल्यातही कुणात बंडखोरीचा आत्मा असेल तर त्यानं आजच पश्चात्ताप करावा. लोक "आमेन" म्हणाले. अंकल उठले. पाय सुजलेले, त्यामुळे रांगेतून बाहेर पडायला त्यांना बराच वेळ लागला, आणि सगळे बघत राहिले. खाली बसस्टॉपवर मी त्यांना गाठलं. ते रागावलेले नव्हते, आणि तेच मला जास्त लागलं. इतकंच म्हणाले, "तुझा देव मतदारयादी बघून माणसं घेतो, हे आधी सांगायचं ना, गर्ल."

निवडणूक झाली आणि अंकलचा उमेदवार नेहमीसारखा पडला. त्यानंतर लवकरच त्यांना हॉस्पिटलात ठेवावं लागलं. आता घरी परतणं होणार नाही, असं डॉक्टरांनी आंटीला सांगितलं. एका दुपारी अंकल मला म्हणाले, "येशू मला चालतो. ती बिल्डिंग चालत नाही." त्यांना बाप्तिस्मा हवा होता. मला दुसरं कुणी ठाऊक नव्हतं, म्हणून मी पास्टरांनाच फोन केला. ते आले, संत्री घेऊन आले, गोड बोलले. मग अंकलचा हात हातात घेऊन म्हणाले, की आधी देवानं नेमलेल्यांविरुद्ध केलेलं बंड कबूल करा, त्याची क्षमा मागा, मग पाणी. अंकलनी हात सोडवून घेतला आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.

मी पास्टरांच्या मागोमाग व्हरांड्यात गेले. आजवर मी पाळकमाणसाशी आवाज चढवून बोलले नव्हते; आमच्या घरात ती पद्धतच नाही. त्या दिवशी बोलले. "तो मरायला टेकलाय, पास्टर. वधस्तंभावरच्या चोराला स्वर्गात घेताना प्रभूनं विचारलं होतं का, तू कुणाच्या बाजूचा?" पास्टर शांतपणे म्हणाले, "सिस्टर, हा आमच्या देशाचा विषय आहे. तुम्ही इथे पासवर आहात, नागरिक नाही. तुम्हाला नाही समजणार." मला मत नव्हतं, हे खरंच. पण बाप्तिस्मा काही सिंगापूरचा नव्हता! ज्या दारात ख्रिस्तानं कुणाला अडवलं नाही, तिथं या माणसानं तिकीट लावलं होतं, आणि वर त्यालाच तो विश्वास म्हणत होता. मी वर्षभर अंकलना सांगत होते की देव सगळ्यांचा आहे. पास्टरांनी दोन वाक्यांत मला खोटं पाडलं होतं.

त्यानंतर मी रोज हॉस्पिटलात जात होते, पण येशूचं नाव माझ्या तोंडून निघत नव्हतं. एका सकाळी लिफ्टजवळ उभी असताना मी मनात म्हटलं, प्रभो, माझ्याच्यानं काही होत नाही. हा माणूस तुझा आहे. तुझं तू बघ. प्रार्थना कसली, वैतागच होता तो.

त्याच दिवशी अंकलच्या शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाला भेटायला एक म्हातारे गृहस्थ आले. पायात चपला, हातात पेजेचा थर्मास. हॉक्कियन ही चिनी बोली बोलणाऱ्या एका लहानशा मंडळीचे ते निवृत्त पास्टर होते. त्यांनी आपल्या माणसाला पेज भरवली, हळू आवाजात प्रार्थना केली, आणि जाता जाता अंकलकडे पाहून थबकले. अंकलच त्यांच्याशी हॉक्कियनमध्ये बोलू लागले. आंटी मोडक्या इंग्रजीत मला सांगत होती. अंकलनी सगळं सांगितलं. पत्रकं, निवडणूक, संत्री, बंड. म्हातारे मान हलवत ऐकत राहिले. शेवटी अंकलनी विचारलं, "तुम्ही कुणाला मत दिलंत?"

म्हातारे म्हणाले, "तुमच्याविरुद्ध. दरवेळी तुमच्याविरुद्धच देतो."

अंकलना हसू फुटलं, आणि हसता हसता खोकला. खोकला थांबल्यावर म्हणाले, "मग चालेल. तुम्ही द्या."

नर्सची परवानगी घेऊन म्हाताऱ्यांनी प्लास्टिकच्या मगमध्ये पाणी आणलं. फक्त एकच गोष्ट विचारली, येशूवर भरवसा टाकता ना. अंकल हो म्हणाले. पाणी कपाळावरून कानाशी ओघळलं, ते आंटीनं आपल्या बाहीनं टिपलं. घरी ती स्वतः देव्हाऱ्यासमोर उदबत्ती लावायची, पण त्या क्षणी ती रडत होती आणि तिचा चेहरा मोकळा झाल्यासारखा दिसत होता. मीही रडले. किती तरी दिवसांनी माझ्या तोंडून "प्रभू" हा शब्द आला.

थोड्याच दिवसांनी अंकल गेले. आमच्या इमारतीच्या तळमजल्यावरच्या मोकळ्या जागेत अंत्यविधी झाला आणि तेच म्हातारे पास्टर आले. अंकलचे पक्षातले जुने सोबती मात्र खुर्च्यांच्या बाहेर, खांबांजवळ घोळक्यानं उभे होते. मी बसायला सांगितलं तर त्यांच्यातल्या एकानं विचारलं, "हा पास्टर त्या मोठ्या चर्चचा आहे का?" मी म्हटलं, "नाही." त्यानं बाकीच्यांना खूण केली आणि ते सगळे आत येऊन बसले.

त्या मोठ्या मंडळीत मी पुन्हा गेले नाही. राग अजूनही आहे. तो काढून टाक, असं मी देवाला म्हटलेलंही नाही. पण तेव्हा मला वाटत होतं की प्रभूचं नाव सावरायचं काम माझं आहे आणि मी त्यात हरले. ते काम माझं नव्हतं. मी वैतागून का होईना, हात टेकले, आणि त्यानं आपला माणूस आपल्या हातानं घेतला, तोही विरुद्ध मत देणाऱ्याला पाठवून. त्याचे आभार मानायला मला आजही मराठीच पुरते.