मिश्रीचा रकाना

"त्या चष्म्याच्या डाक्टरीणबाईकडं बस. ती काय इचारत न्हाई. तोंडाकडं बघती आन् कागदावर खुणा करती."

"व्हय?"

"मग. माझी सासू मांडीला मांडी लावून बसलेली. मिश्रीचं इचारलं असतं तर काय सांगितलं असतं, सांग."

बाहेर रांगेतल्या दोघी हसल्या. ओपीडीच्या दाराला पडदा होता, त्याच्या आतल्या बाजूला मी हातात फॉर्मचा गठ्ठा घेऊन उभी होते. चष्मा असलेली त्या दिवशी मी एकटीच होते.

सांगलीच्या एका रुग्णालयात स्त्रीरोग विभागात माझं रेसिडेन्सीचं दुसरं वर्ष चालू होतं. प्रबंधाचा विषय सरांनी सुचवलेला: गरोदरपणात मिश्री लावणाऱ्या बायका आणि त्यांच्या बाळांचं वजन. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची आणि बोटानं दातांना घासायची. आमच्या भागात बायकांचा दिवस त्यावर सुरू होतो. सर म्हणायचे, "इथले प्रश्न इथल्याच डॉक्टरांनी विचारायला हवेत. बाहेरून कोण येणार आहे?" रेसिडेंटनी संशोधन करावं म्हणून इतकं झटणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. आमचे कच्चे मसुदे ते स्वतः लाल पेनानं तपासत.

फॉर्मवर छापलं होतं, 'आपण तंबाखूजन्य पदार्थांचे सेवन करता का?' माझं शिक्षण इंग्रजी शाळेतलं. हे वाक्य मी पुस्तकातल्यासारखं वाचलं की बायका पदराआड हसायच्या, सासू उत्तर द्यायची, "न्हाई बाई, आमच्यात न्हाई." सासूला बाहेर बसा म्हणायचं धाडस मला झालं नाही. साध्या बोलीत विचारायचीही लाज वाटायची. पहिल्या आठवड्यानंतर मी विचारणं सोडलं. दात काळपट असले, लुगडं असलं, पत्ता कुंडलकडच्या खेड्यातला असला की 'होय'. पंजाबी ड्रेस, हातात मोबाईल, माधवनगर किंवा सांगलीचा पत्ता, की 'नाही'. इतकं तर दिसतंच, असं मी स्वतःला सांगत होते.

माझे फॉर्म सगळ्यांच्या आधी भरून झाले.

पडद्याआडचं ते बोलणं ऐकल्यावर रविवारी मी साताऱ्याला घरी गेले. आई शाळेत मुख्याध्यापिका आहे. इस्त्रीची कॉटनची साडी, मनगटावर घड्याळ. मी उठले तेव्हा ती मागच्या मोरीपाशी बसून दातांवरून बोट फिरवत होती. मिश्रीची डबी बाथरूमच्या खिडकीत, साबणाच्या खोक्यामागे असायची. लहानपणी मैत्रिणी घरी यायच्या असल्या की ती डबी मीच आत लपवायचे. आईनं कधी सांगितलं नव्हतं तसं करायला.

माझ्या फॉर्मवर आईला 'नाही' मिळालं असतं.

"मी पोटात असताना लावायचीस?" मी विचारलं.

तिनं चूळ भरली. "लावत होते की. आज काय मुहूर्त सापडला विचारायला?"

"डॉक्टरांनी काही म्हटलं नाही?"

"त्यांनी विचारलंच नाही. मास्तरीणबाईला कोण विचारतंय असलं?" ती जरा हसली आणि डबी परत खिडकीत ठेवायला उठली. मी तिच्याकडे बघू शकले नाही.

गुरुवारी दुपारी विभागाची संशोधनाची बैठक असते. सरांनी माझा तक्ता पडद्यावर लावला. त्यात शहरातल्या बायका जवळजवळ सगळ्या 'नाही'मध्ये होत्या.

"हे बघा," सर ज्युनियरना म्हणाले, "वेळेत पूर्ण, एक रकाना रिकामा नाही."

"सर, आमचे पेशंट फॉर्म बघून पळतात," माझा बॅचमेट म्हणाला, "हिचे रांग लावून बसतात. काय देते कोण जाणे."

सगळे हसले. सरही हसले. मग म्हणाले, "यातून एक गोष्ट लगेच करता येईल. शहरातल्या बायकांच्या तपासणीच्या कागदावरून मिश्रीचा प्रश्न काढून टाकू. तेवढाच वेळ वाचेल. पुढच्या महिन्यात परिषदेतही तू हेच मांड."

त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि समोरच्या कागदावर काहीतरी लिहायला घेतलं. मी हिशेब केला: फॉर्म पुन्हा भरायचे तर प्रबंध वेळेत जाणार नाही, परीक्षा एक सत्र पुढे जाईल, घरी सांगावं लागेल. गप्प बसले तर यातलं काहीच होणार नव्हतं. कुणालाच कळलं नसतं. फक्त सांगलीतल्या एखाद्या मुख्याध्यापिकेला गरोदरपणात कुणी विचारलं नसतं, आणि या वेळी त्याला माझा तक्ता कारण असता.

हात वर करायची मला सवय नाही. मी बसूनच बोलले, आवाज इतका लहान आला की सरांनी "काय?" म्हणून मान वर केली. मग मला उभं राहावं लागलं.

"सर, तो प्रश्न काढू नका. मी तो विचारलाच नव्हता. बायकांकडे नुसतं बघून फॉर्मवर खुणा केल्यात."