पुष्कळकाकू

देवासात आमच्या भागात नळाला पाणी एक दिवसाआड येतं. वॉल्व्ह उघडणारा माणूस उन्हाळ्यात शिव्या खायच्या तयारीनेच गल्लीत शिरायचा. शेजारच्या काकूंच्या दारात तो आपणहून सांगायचा, “काकीजी, आज प्रेशर नी है.” काकू अर्ध्या बादलीकडे बघून म्हणायच्या, “भोत आया, भिया. चाय पी के जाव.” मग आत वळून घरच्यांना मराठीत तेच: “पुष्कळ आलं.” या शब्दामुळे सगळी गल्ली त्यांना पाठीमागे पुष्कळकाकू म्हणायची. त्यांना ते ठाऊक होतं, आणि नावही पुष्कळ चांगलं ठेवलंत, असं त्या म्हणायच्या.

रिकामा सिलिंडर दाराबाहेर जाताना त्या त्याला थोपटत. झिजलेली चप्पल टाकण्याआधी धुऊन वाळवत. नवरात्रात देवीच्या टेकडीवर जाणाऱ्यांची रांग आमच्या गल्लीत आली की माझी स्कूटर अडकून पडायची. मी चिडलेला दिसलो की त्या ओट्यावरून सांगत, “भावजी, लोक कुठून कुठून चालत येतात. आपल्याला जत्रा घरबसल्या मिळते.”

माझी सगळी नोकरी एका हिंदी दैनिकाच्या देवास कार्यालयात बातमीदार म्हणून झाली. तिथे ‘बहुत’, म्हणजे आपला ‘पुष्कळ’, पहिल्या वाचनातच कापला जाई. पुष्कळ म्हणजे किती? आकडा लिहा. त्यामुळे काकूंचं बोलणं मला बरीच वर्षं नुसतं ढिसाळ वाटे. काका ज्या कारखान्यात होते तो बंद पडला, त्याची बातमी मीच लिहिली. काकूंनी ती पूर्ण वाचली. सगळं बरोबर आहे, म्हणाल्या. “फक्त एक राहिलं, भावजी. दुपारचा चहा आता दोघांनी घेता येईल.”

माझी मुलगी जुई सातवीत असताना तिची आई गेली. दिवसपाणी होईपर्यंत काकूंनी ‘पुष्कळ’ हा शब्द तोंडातून काढला नाही. त्या यायच्या, भात लावायच्या आणि न बोलता जायच्या. त्यानंतर जुई शाळेतून सुटली की आधी त्यांच्याकडे जाऊ लागली.

तेव्हापासून आमच्या घरातली प्रत्येक बातमी मला दुसऱ्या क्रमांकाने मिळू लागली. जुईचा दात किडला, तिला विज्ञान नको होतं, तिला पुण्याला जायचं होतं, हे सगळं आधी शेजारी कळलं होतं. कार्यालयातला माझा सहकारी चहाच्या टपरीवर सर्वांसमोर म्हणायचा, “भिया, शहर की खबर तेरे पास, घर की खबर काकी के पास.” मी हसत असे. हेवा या शब्दाला पर्याय शोधून पाहिला आहे. दुसरा कोणताही तितका अचूक नाही.

कारण उघड होतं. जुईने काही सांगितलं की मी प्रश्न विचारायचो. गुण कमी पडले, तर कोणत्या पेपरात, कोणत्या प्रश्नाला, वेळ पुरला नव्हता का? काकू विचारायच्या, “सगळं लिहून आलीस ना?” ती हो म्हणायची. “मग पुष्कळ झालं. लाडू घे.” भिंतीपलीकडून जुईचं हसणं ऐकू येई. मी पंखा मोठा करायचो.

जुईचं शिक्षण हिंदीतून झालं. मराठी ती बोलायची, पण वाचताना अडखळायची. काकूंनी जुने दिवाळी अंक काढले आणि ओळीखाली बोट ठेवून तिला वाचायला लावलं. पुण्याला गेल्यावर ती काकूंना मोबाइलवर लांबलचक मराठी लिहायची. मला यायचं, “बाबा, सब ठीक.”

एकदा ती सुट्टीत आली असताना मी म्हटलं की काकूंचं काय, त्यांचा स्वभावच तसा आहे, त्यांना काही करावं लागत नाही. जुई पोळी लाटायची थांबली.

“नाही हं बाबा. त्यांनाही ते पुष्कळ रोज शोधावं लागतं. कधीकधी सापडेपर्यंत संध्याकाळ होते.”

भिंतीला भिंत लावून इतकी वर्षं राहूनही हे मला माहीत नव्हतं. तीही बातमी जुईकडे होती.

काका गेल्यावर वर्षाच्या आत मुलाने काकूंना धारला नेलं. सामान टेम्पोत चढल्यावर त्या आमच्या घरात आल्या आणि दोन्ही घरांमधल्या भिंतीवर हात ठेवून म्हणाल्या, “भिंत पातळ होती, भावजी. पुष्कळ सोबत झाली.” म्हणजे त्यांनाही पलीकडून पंखा ऐकू येत असणार.

त्या गेल्यावर जुईचे फोन आपल्याकडे वळतील, असा माझा अंदाज होता. तो चुकला. फोन धारला जात राहिले.

यंदाच्या हिवाळ्यात एका सकाळी मात्र तिचा फोन आला. तिने ठरलेलं लग्न मोडलं होतं. मी सवयीने विचारत गेलो: कधी ठरवलंस, आधी कोण बोललं, त्यांच्या घरी कळवलंस का. तिने एकेकाचं उत्तर दिलं. प्रश्न संपले तेव्हा ती रडायला लागली आणि बराच वेळ रडत राहिली. मी फोन कानाला धरून बसलो.

दुसऱ्या दिवशी मी धारची बस पकडली. लेकीचं दुःख होतंच. पण काकूंना जुईची बातमी एकदा तरी माझ्याकडून कळावी, हेही होतं.

धारला त्यांची खोली मुलाच्या घराच्या मागच्या अंगाला आहे. एकच खिडकी, आणि समोर दुसऱ्या घराची भिंत. “दुपारी या भिंतीवर पुष्कळ ऊन येतं,” त्यांनी मला बसायच्या आधीच दाखवलं. त्या मेथी निवडत होत्या. मी घडलं त्या क्रमाने सगळं सांगितलं. त्यांचे हात थांबले. त्यांनी एकच प्रश्न विचारला.

“तिनं आधी तुम्हाला सांगितलं?”

“हो.”

“पुष्कळ झालं,” त्या म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसले.

परतीच्या बसमधून मी जुईला फोन केला आणि काकूंना सांगून आल्याचं कळवलं. माझ्या आवाजात समाधान असावं, कारण ती हसली.

“बाबा, रागावू नका. त्यांना मी परवाच सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, मी काही ऐकलं नाही असं समज आणि बाबांना फोन कर. त्यांना पहिली बातमी लागते.”

बाहेर गव्हाची शेतं मागे पडत होती. मेथी निवडणाऱ्या त्या बाईंनी पहिल्यांदाच ऐकत असल्याचा चेहरा केला होता, आणि आयुष्यभर लोकांचे चेहरे वाचलेला मी त्याला फसलो होतो.

“बाबा, आहात ना?”

“आहे.”

“काकूंना नुसतं सांगितलं होतं. रडले तुमच्यापाशी.”

हेवा गेला, असं लिहिता येणार नाही. तो आजही आहे. पण बस वाटेतल्या इंदूरला पोहोचेपर्यंत जुईचं ते वाक्य किती मोठं आहे, हे ठरवायचा मी प्रयत्न करत होतो. आकडा सापडला नाही. शब्द एकच सुचत होता, आणि तोही काकूंचाच होता.