दुखते म्हणून सांगणाऱ्या इहीणबाई

माझ्या इहीणबाईंएवढी निराश बाई आख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात दुसरी झाली नाही. ही गोष्ट त्या वर्षांची आहे जेव्हा कापसानं भल्याभल्यांचा जीव खचवून टाकला होता, म्हणजे त्यांच्या तोडीला उतरू पाहणारे लोक काही कमी नव्हते. पण इहीणबाई त्या सगळ्यांच्या पुढं. इहीणबाई म्हणजे माझ्या एकुलत्या लेकीची सासू, मारेगावाकडच्या; मी त्यांचा इवाई. बाकीच्यांनी बोंडात अळी पाहिल्यावर कपाळाला हात लावला, ह्यांनी बी मातीत टाकतानाच लावलेला असायचा. "निंगत नाही हे," असं म्हणत त्या सरकी टोबायच्या. निघालं की "टिकत नाही" म्हणायच्या. टिकलं की "बोंड धरत नाही." आणि वावर पांढरं झालं की कमरेला ओटी बांधून सगळ्या बायांच्या आधी तासाला, म्हणजे कापसाच्या ओळीला, लागायच्या आणि वेचता वेचता म्हणायच्या, "आता भाव भेटत नाही." हे शेवटचं दरवर्षी खरं ठरायचं, म्हणून आधीची तीन खोटी ठरली तरी लोक त्यांचा मान ठेवून होते.

त्यांना "कशा आहात" असं विचारायची चूक मी एकदाच केली. त्यांनी टाचेपासून सुरुवात केली आणि गुडघ्यापर्यंत आल्या तेव्हा माझ्या कपातल्या चहावर साय धरली होती. कंबर आणि खांदा अजून बाकीच होते. एस्टीनं कुठं जायचं असलं की पहिली गाडी त्या मुद्दाम सोडून द्यायच्या. "पहिलीचा टायर फुटते. मागच्या गाडीत बसलं की रस्त्यात फुटलेली पहिली दिसते, मन शांत राह्यते." "दिसली का कधी?" असं मी विचारलं. "अजून नाही," त्या म्हणाल्या, आणि त्यात जराशी नाराजी होती. चहा बिनसाखरेचा प्यायच्या, साखर एक दिवस संपणारच तर आतापासून सवय असलेली बरी म्हणून. पोरांच्या लग्नात मंगल परिणय झाला, लोक फुलं टाकून पंगतीकडे पळाले, आणि ह्या माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "इवाई, लेक तुमची चांगली हाय. आमच्या घरी किती दिवस चांगली राह्यते ते पाहू आता." मी ते शब्द मनात धरून दोन वर्षं त्यांच्याशी नीट बोललो नाही. मी तसा डोक्यात धरून ठेवणारा माणूस आहे.

पहिलं बाळंतपण माहेरी करायचं ही आपली रीत. जावई म्हणत होते, मामाजी, तुमच्या घरी आता बाईमाणूस नाही, राहू द्या इथंच. माझ्या लेकीची, सुजाताची, माय जाऊन तीन वर्षं झाली होती. पण रीत ती रीत. मी सातव्या महिन्यात स्वतः जाऊन लेकीला घेऊन आलो. घर माझं दोन खोल्यांचं, आणि त्यातली एक खोली खालपासून आढ्यापर्यंत कापसानं भरलेली. गावातल्या सगळ्यांनी मिळेल त्या भावात कापूस देऊन टाकला होता. मी दिला नाही. भाव येईल, असं मी म्हणत होतो, आणि एकदा म्हटलं म्हणजे म्हटलं. कापूस घरात जुना झाला की अंगाला खाज सुटते, रात्रंदिवस माणूस खाजवत राहतो, तरी मी तो ढिगारा हलवला नाही. लेक त्या ढिगाऱ्याच्या पायथ्याशी गोधडी टाकून निजायची.

तिला भीती बसली होती. लहान असताना शेजारची एक बाई पुरा दिवस अडली होती, आणि आमची भिंत त्यांच्या भिंतीला लागून. सुजाता त्या दिवशी चुलीपाशी कानात बोटं घालून बसली होती, हे मला आठवत होतं. पण बापानं लेकीशी असल्या गोष्टी बोलायच्या कशा? आमच्या घरात नवस बोलायचीही सोय नाही. माझ्या बापानं दीक्षा घेतली तेव्हाच घरातले देव नदीत सोडून दिले, आणि मला ते पटलेलं आहे. तेव्हा भीती ठेवायला दुसरी जागा नव्हती, ती पोरीच्या पोटाशीच राहिली. ज्या बाया घरी यायच्या त्या म्हणायच्या, "काही होत नाही वं, चिमटा काढल्यावानी वाटते." मी माझ्याकडून धीर दिला. माझ्या मायनं मला भर वेचणीत, तुरीच्या ओळीआड जन्म दिला आणि झोळी निंबाला टांगून उरलेला तास पुरा केला, हे मी तिला रोज सांगायचो. जेवताना सांगायचो. ती मान हलवायची, ताट उचलून कापसाच्या खोलीत जायची आणि थोड्या वेळानं रिकामं ताट घेऊन बाहेर यायची. पोरगी जेवते आहे ना, मग झालं, असं मला वाटायचं. चेहरा उतरत चालला होता, हात काडीसारखे झाले होते, पण त्या साली गावात कोणाचा चेहरा भरलेला होता? लोक एकमेकांना "कसं काय" विचारायचं सोडून बसले होते. उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं.

अशात एका दुपारी इहीणबाई दारात उभ्या. बोलावलं नव्हतं, निरोप नव्हता. दुसऱ्या गाडीनं आल्या असणार. आपल्यात इहीण दारी आली की तिला पाट द्यायचा, लुगडं नेसवायचं, तिनं हातानं पाणीसुद्धा घ्यायचं नाही. ह्यांनी माझ्या हातातला झाडू काढून घेतला. मी म्हटलं, "इहीणबाई, लोक काय म्हणतील? मुलाकडची बाई मुलीकडं झाडलोट करते?"

"लोकं काही म्हनत नाहीत जी," त्या खाली वाकून झाडताना म्हणाल्या, "लोकाईच्यात बोलाचं त्रान कुठं राह्यलं."

दोन दिवस माझ्या घरात माझं काही चाललं नाही. त्यांनी छत पाहिलं आणि पडते म्हणाल्या, विहीर पाहिली आणि आटते म्हणाल्या, मला पाहिलं आणि काही म्हणाल्या नाहीत, ते जास्त लागलं. तिसऱ्या दिवशी दुपारी त्या कापसाच्या खोलीच्या उंबऱ्यावर बसल्या होत्या. भिंतीच्या कडेनं मुंग्यांची रांग निघून सरळ ढिगाऱ्यात शिरत होती.

"इवाई, मुंग्या कापूस खात नाहीत," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं असेल काही, सरकीला लागल्या असतील. त्या उठल्या, पदर खोचला आणि वेचणीवाल्या बाईचे ते दोन हात कोपरापर्यंत कापसात घातले. पहिली भाकर निघाली. वाळून छपरावरच्या कवेलूसारखी झालेली. मग दुसरी निघाली. मग अर्धी, मग चौघडी करून कोंबलेल्या तीन. इहीणबाई एकेक काढून ओसरीवर ओळीनं मांडत गेल्या. ओळ ओसरीच्या ह्या टोकापासून त्या टोकाला गेली. सुजाता दाराला धरून उभी होती.

आणि तेव्हा माझ्या तोंडून पहिला शब्द काय निघाला ते मी लिहितो, कारण लपवण्यात अर्थ नाही. मी म्हटलं, "कापूस खराब केला ना पोरी." माझ्या लेकीनं महिनाभर पोटाला अन्न दिलं नव्हतं आणि मी कापसाचं बोललो.

"काहून वं असं केलं?" इहीणबाईंनी विचारलं.

"लेकरू लहान राह्यलं तं कमी दुखन म्हनतात," सुजाता म्हणाली. "पोटभर खाल्लं का मोठं होते, मंग अडते. वेचणीतल्या बायाच सांगत होत्या, आत्या."

मी तोंड उघडलं. मायची गोष्ट माझ्या जिभेवर तयारच असायची. म्हटलं, "अगं, माझ्या मायनं वावरात..."

"तुमी पाह्यलं का जी?" इहीणबाई माझ्याकडं वळल्या. "तुमी तं तवा बाहीर निंगून राह्यले होते. तुमच्या मायले किती लेकरं झाले?"

"आम्ही चौघं."

"जगले चौघं. झाले किती?"

मी बोटांवर मोजायला लागलो. सात. मधली तीन मी जन्मात कधी मोजली नव्हती. मी उठून ओसरीच्या बाहेर जाऊन बसलो. तिथून निघून जायला पाहिजे होतं, ते बोलणं पुरुषानं ऐकायचं नव्हतं. पण पाय उचलले नाहीत.

आत इहीणबाई म्हणाल्या, "दुखते. लय दुखते. चिमटा म्हनते तिच्या तोंडात माती. पह्यलं कमरेतून निंगते, पाळीत दुखते तसंच, मंग समोर येते आन् वरत वरत जाते. तुले वाटन आता मी राह्यत नाही. आन् तवाच ते जाते. जाते हे ध्यानात ठेव. येते, आन् जाते. मधात टाईम भेटते. त्या टाईमात पानी प्याचं, दम घ्याचा, शिव्या द्याच्या."

"कोनाले?"

"ज्याच्यानं झालं त्याले. मी तुया सासऱ्याले देल्या. अजून सरल्या नाहीत."

लेक हसली. दोन महिन्यांत मी तो आवाज ऐकला नव्हता. मग सुजातानं हळूच विचारलं, "मरते का वं आत्या कोनी?"

मला वाटलं, आता तरी ही बाई खोटं बोलेल. "मरते," त्या म्हणाल्या. "माही बहीन मेली. पन दुखण्यानं नाही मेली. तिनंही असंच केलतं, पोटाले गाठ मारून बसली होती. जोर लावाची येळ आली तं अंगात जोरच नव्हता. मी जवळ होती, मी पाह्यलं. दुखनं येऊन निंगून जाते बाई, जोर कुठून आनाचा?"

त्या संध्याकाळी सुजातानं माझ्यासमोर दीड भाकर खाल्ली. इहीणबाई शेजारी बसून म्हणत होत्या, "आता खाऊन काय होते, उशीर झाला," आणि ताटात वाढत होत्या.

दुसऱ्या दिवसापासून दोघी दुपारी वावरात जायला लागल्या. इहीणबाईंचं म्हणणं असं की बाया तोंड दाबून सोसतात, तिथंच अर्धा जोर वाया जातो. ओरडणं शिकावं लागतं. त्यांच्या वावरात रानडुकरं येतात आणि त्यांना हाकलायला त्या एकट्या पुरतात, असा तो आवाज. तुरीच्या कडेला दोघी उकिडव्या बसायच्या, एक आवाज जुना, एक नवा, आणि सगळं शिवार दणाणून जायचं. गावातला एक जण मला रस्त्यात म्हणाला, "काय गा, दिवसाढवळ्या डुकरं शिरले काय तुह्या वावरात?" मी म्हटलं, हो. लय माजले आहेत. माझी पोरगी बाळंतपणाचं ओरडायला शिकते आहे, हे सांगायची मला लाज वाटली.

खोली रिकामी करा, असा त्यांचा दुसरा हुकूम होता. मी आठ दिवस अडून बसलो आणि मग गाडी भरली. भाव विचारायचा नाही असं ठरवून घाटंजीच्या बाजारात गेलो. विचारला. विचारायला नको होता. गाड्यांच्या रांगेत तसाच बसून होतो, तेव्हा गावचा एक माणूस शोधत आला आणि म्हणाला, तुमच्या लेकीला जीपनं इथल्या दवाखान्यात आणलं आहे, दिवस भरायच्या आधीच. भरली गाडी आणि बैल मी तिथंच टाकून निघालो. जन्मात पहिल्यांदा.

दवाखान्याच्या व्हरांड्यात पोचायच्या आधीच तो आवाज ऐकू आला. तो मी फाटकापासून ओळखला. बाकावरचे लोक एकमेकांकडं पाहत होते, एक म्हातारी कानावर हात ठेवून बसली होती. आवाज यायचा, थांबायचा, मधल्या वेळात आतून इहीणबाई कोणाच्या तरी नावानं काहीतरी बोलायच्या, आणि पुन्हा यायचा. "कोन वं ही?" म्हातारीनं विचारलं. मी म्हटलं, "माझी लेक आहे."

मुलगी झाली. लहान झाली, माझ्या ओंजळीत मावेल एवढी. माझ्या पोरीनं एक महिना उपाशी राहून जे मागितलं ते तिला मिळालं होतं, आणि दुखायचं तेवढं दुखलंच होतं. "आत्यानं सांगतलं तेवढंच दुखलं, बाबा," ती मला म्हणाली, "त्याच्या वर नाही." त्या एवढ्याशा जिवाला इहीणबाईंनी चोळीच्या आत उराशी धरलं आणि सव्वा महिना खाली ठेवलं नाही. रोज सकाळी म्हणायच्या, "ही आज जाते." रोज संध्याकाळी ती असायची. मग एक दिवस त्यांनी ते म्हणणं सोडून दिलं आणि दुसऱ्या गाडीनं आपल्या गावी निघून गेल्या. मी त्यांना लुगडं नेसवलं, पण जे बोलायचं होतं ते बोललो नाही. मला ते जमत नाही.

मागच्या हिवाळ्यात त्या गेल्या. त्याच्या आधी मी भेटायला गेलो होतो. खाटेवर अंगाचं कातडं उरलं होतं, आणि सुजाता, जावई, शेजारी सगळे त्यांना बऱ्या व्हाल म्हणून सांगत होते. सगळे उठून गेल्यावर त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "इवाई, मरताना लय दुखत असन का जी?"

मी आठवून पाहिलं. बाप, माय, बायको, तिघांच्या उशाशी मी बसलो होतो, पण त्यांच्यापैकी कोणी काही सांगितलं नव्हतं. "मला माहीत नाही, इहीणबाई," मी म्हटलं.

"हं," त्या म्हणाल्या. "मंग बसा जराशे."

मी बसलो. माझी घाटंजीकडची गाडी आली आणि गेली. त्यांनी डोळे मिटले होते, पण हात खाटेच्या माझ्या बाजूच्या काठावर होता, आणि मधूनमधून मी अजून आहे का ते त्या बोटांनी चाचपून पाहत होत्या.