सायराबानूची जागा

इफ्फतला बघायला पाहुणे आले, की ती चहा देता देता त्यांच्या गावचा रस्ता किती रुंद आहे ते विचारते, अशी निमगाव केतकीत वदंता आहे. पोरगी बारामतीला वाहतुकीची इंजिनिअर, त्यामुळं लोकांना खरंही वाटतं. पण गावाजवळच्या फाट्याचं काम तिनं मागून घेतलं, तेव्हा थट्टेखोर तोंडं गप्प झाली. तिची आई सायराबानू तिथंच अपघातात गेली होती.

फाट्याला सिग्नल नाही. दुभाजक मात्र ऐसपैस. अर्धा रस्ता ओलांडायचा, दुभाजकाच्या खिंडीत थांबायचं, मग उरलेला अर्धा. बांगड्यांची पेटी बांधलेली स्कूटी घेऊन सायराबानू खिंडीत पुढं थांबली होती. भरकटलेल्या ट्रकनं तिला तिथंच गाठलं.

आता इफ्फतला ठरवायचं होतं, की खिंडीत एकामागं एक दोन गाड्या थांबतात का. थांबत असतील तर फाटा गर्दी पेलतो, उघडा राहतो. एकच थांबत असेल तर बंद, आणि गावाला लांबचा वळसा. टेप लावली तर दोन आरामात मावत होत्या. पण दिवसभर बघितलं, तर गाडी यायची एकच, तीही मागं थांबायची. पुढची जागा रिकामी.

तिनं टेम्पोवाल्या रामभाऊंना गाठलं. “काका, पुढं सरकत का नाही?”

“डोळं फुटलं का आमचं? तितं सायराबानू उभी असती.”

“असं कुणी सांगितलं?”

“सांगाय कशाला लागतंय? माझ्या भाचीला चुडा भरला तिनं. तिच्या अंगावर गाडी घालू व्हय?”

दुसऱ्या दिवशी इफ्फतनं वडिलांची मोटरसायकल आणली आणि नेमकी त्या जागी उभी केली. “या काका, लागा मागं.”

रामभाऊ आले, पण मधे स्कूटीएवढी जागा सोडून थांबले. टेम्पोचं शेपूट रस्त्यावर राहिलं. एसटी करकचून थांबली. कंडक्टरनं रामभाऊंच्या खानदानाचा उद्धार केला.

“सरका की काका!”

“कुठं सरकू? आपल्या मधी तुझी आई हाय.”

इफ्फतच्या पाठीमागं बांगड्या किणकिणल्या. तिनं वळून बघितलं नाही.

अहवालात तिनं ‘एक’ लिहिलं. खिंड बुजवून फाटा बंद केला गेला. वळशाला वैतागून गावानं शिव्या दिल्या. रामभाऊंनी तर दारात येऊन.

“आमचं जाऊ दे,” शेवटी ते म्हणाले, “आमी जाऊ फिरून. पण ती मधीच ऱ्हायली की गं. आता पलीकडं कशी येणार?”

कामावरून घरी यायचा इफ्फतचा रस्ता तोच आहे. बुजवलेल्या खिंडीपाशी ती रोज गाडी थांबवते, मागची सीट रिकामी ठेवून.