टाकातला स्वार

आजोबा मोडनिंबची शेती चुलत्यांवर सोपवून सोलापूरला आमच्या भाड्याच्या दोन खोल्यांत राहायला आले, ते डोळ्यांत मोतीबिंदू आणि बटव्यात आमचा वीर घेऊन. वीर म्हणजे देवघरातला चांदीचा टाक, अंगठ्याच्या पेरापेक्षा जरासा मोठा पत्रा. त्यावर घोड्यावर बसलेला आमचा पूर्वज. सत्तरचं दशक नुकतंच लागलं होतं आणि मी दहा वर्षांची होते.

साताऱ्याची आणि कोल्हापूरची अशा दोन गाद्या एकमेकींवर उठल्या होत्या, मराठेच मराठ्यांना कापत होते, त्या काळातला हा शिपाई. हा साताऱ्याकडून लढला आणि त्याचा सख्खा धाकटा भाऊ कोल्हापूरकडून. एका पहाटे धुक्यात दोघं समोरासमोर आले. ओळख पटेपर्यंत धाकटा थोरल्याच्या तलवारीनं गेला होता. वडील शाळेत इतिहास शिकवायचे, त्यामुळे त्यांचा यावर मुळीच विश्वास नव्हता.

माझा होता. दुपारी शेजारच्या गल्लीत माग खडखडत असायचे. आजोबा खाटेवर पडून ही गोष्ट सांगत आणि मला वाटे, हा आवाज मागांचा नाही, लांबून घोडी येताहेत. गोष्ट कुठं संपायची आणि झोप कुठं लागायची ते कळत नसे. कितीदा तरी मी त्या धुक्यात उभी असे आणि कुणी कुणाला हाक मारायच्या आतच जागी होई.

धुळवडीला वीराला मटणाचं ताट असे. एक देवघरापुढे थोरल्याचं, दुसरं उंबऱ्याबाहेर धाकट्याचं. मारलेल्याला घरात कसं घ्यायचं आणि उपाशी तरी कसं ठेवायचं, यावर आमच्या वाडवडिलांनी काढलेली ही पळवाट. ते बाहेरचं ताट आजोबांच्या मनाला फार लागायचं. धाकट्याला आत का घेत नाही, असं मी एकदा विचारलं.

"आत ये म्हनायला कुनाचं तोंड हाय?" ते म्हणाले. त्या दिवशी ते धड जेवले नाहीत.

रोज सकाळी ते टाकावरून अंगठा फिरवत. पिढ्यान्‌पिढ्या चिंच-राखेनं घासून स्वाराचं नाक गेलं होतं, घोड्याचा एक कान गेला होता. डोळ्यांना दिसेनासं झालं तरी अंगठ्याला तो माणूस पाठ होता. आईला मात्र वाटलं, म्हाताऱ्याच्या हाताला काहीतरी ठसठशीत लागावं. धुळवडीच्या आधी तिनं कुणाला न सांगता टाक सोनाराकडे नेला, जुनी चांदी आटवून नवा घडवून आणला. करायला गेली गणपती आणि झाला मारुती.

दुसऱ्या दिवशी आजोबांचा अंगठा टाकावर थबकला. "ह्यो कोन?"

चांदी तीच आहे, असं आई पुन्हा पुन्हा सांगत राहिली. घरातला माणूस मी माझ्या हातानं वितळवला, असं म्हणत ती चुलीपाशी रडली. मला तिचा भयंकर राग आला होता, आणि त्या रागाची आज मला लाज वाटते.

धुळवडीला आईनं दोन्ही ताटं वाढली. बाहेरचं उचलून ती उंबऱ्याकडे निघाली. आजोबा देवघरापाशी बसून नव्या टाकाचं नाक, मिशा, घोड्याचे दोन्ही कान चाचपत होते.

"थांब पोरी," ते म्हणाले. "त्ये ताट हितं आन."

"पण मामंजी, इथं थोरले..."

"थोरल्याला मी वळखतो की. ह्यो त्यो न्हाय. ह्यो धाकटा हाय."

आई ताट घेऊन तशीच उभी राहिली. मग थोरला कुठं गेला, असं मीच विचारलं.

"उटला त्यो," आजोबा म्हणाले. "लई वर्सं बसला हुता. भावाला जागा दिली त्यानं."