दोन वेळचं उकळतं पाणी

ग्रीस ट्रॅप बसवला की काम संपलं, अशी माझी समजूत होती. लालबागला चाळीच्या तळमजल्यावर आमची मालवणी खानावळ. लायसन्ससाठी पालिकेच्या नियमाप्रमाणे सिंकखाली ती स्टीलची पेटी बसवली होती. भांड्यांचं पाणी तिच्यात थांबतं, तेल वर तरंगतं आणि खालचं पाणी तेवढं गटारात जातं.

स्वच्छतेच्या बाबतीत मी नाकावर माशी बसू देत नाही. दुपारची आणि रात्रीची पंगत उठली की मी सोडा घालून पातेलंभर उकळतं पाणी त्या पेटीत ओतायची. झाकण उघडलं तर आतलं स्टील चकचकीत दिसायचं. दोनचार गिऱ्हाइकांना मी ते कौतुकानं दाखवलंही होतं, आता आठवलं की लाज वाटते.

एके दिवशी पालिकेचे साहेब आले. मागच्या गल्लीतलं गटार तुंबतंय, पाणी उलटं एका खोलीच्या मोरीत चढतंय, अशी तक्रार होती. मी ऐटीत झाकण उघडलं.

त्यांनी वाकून पाहिलं. "यात तेल कुठाय?"

"मी रोज धुते ना."

"दिवसभर सुरमई तळता आणि पेटीत थेंब नाही. मग ते गेलं कुठे?" असं म्हणून त्यांनी आठ दिवसांची मुदत लिहून दिली. तोवर गटार तुंबायचं थांबलं नाही तर स्वयंपाकघर बंद. नवऱ्यानं नोकरी सोडून हा धंदा टाकला होता. त्यानं तो कागद दोनदा वाचला आणि गल्ल्यातले पैसे मोजायला बसला.

तक्रार मागच्या खोलीतल्या मावशींनी केली होती. कळलं तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. साठीपुढची, एकटी राहणारी बाई, हिला आमच्या पोटावर पाय आणून काय मिळणार? भांडायला पदर खोचूनच गेले. मावशी मोरीत उकिडव्या बसून खराट्यानं फरशी घासत होत्या. फरशीवर पांढरा, चिकट थर होता आणि त्यात आमच्या मसाल्याचा लाल रंग स्पष्ट दिसत होता. मी खोचलेला पदर सोडला.

"दोन महिने सांगायला येत होते वहिनी," त्या म्हणाल्या. "तुमच्याकडे गर्दी. गिऱ्हाइकासमोर कसं बोलणार? तुम्ही म्हणायच्या, मावशी नंतर या. मग गेले पालिकेत."

खरं होतं. मी दरवेळी त्यांना परतवलं होतं, तेही पुरतं न बघता.

दुसऱ्या दिवशी त्या आपणहून आमच्या स्वयंपाकघरात आल्या. माझ्या हातात पातेलं बघून ओरडल्याच, "अहो, थांबा! गरम पाण्यानं तेल जात नाय, पुढे सरकतं फक्त. थंड झालं की माझ्या दारात बसतं."

एवढी साधी गोष्ट! रोज तूप थिजताना बघणाऱ्या मला ती कळू नये? मग त्यांनीच शिकवलं. ताटं, कढया आधी रद्दीच्या कागदानं पुसायच्या. पाणी गारच वापरायचं. पेटीत थर धरू द्यायचा आणि सकाळी जुन्या झाऱ्यानं काढून डब्यात भरायचा. पहिल्या सकाळी मला दोनदा ओकारी आली. मावशी बाजूला उभ्या राहून म्हणाल्या, "तोंडानं श्वास घ्या."

आठव्या दिवशी साहेबांनी पेटीतला जाड थर पाहिला, मागचं गटार पाहिलं. पाणी सरळ वाहत होतं. लायसन्स राहिलं. नवऱ्यानं लगेच तळणीची कढई चुलीवर चढवली.

मी तशीच मावशींकडे गेले. "तुम्ही तक्रार केली नसती तर आम्ही कधीच सुधारलो नसतो. तुमचे उपकार आहेत," म्हणाले. बोलताना हात मागे लपवले होते. आठवडाभर साबण, लिंबू, सगळं लावूनही वास जात नव्हता.

त्यांच्या ते लक्षात आलं. आतून वाटीत बेसन कालवून आणलं आणि माझा हात ओढून त्या चोळू लागल्या.

"लिंबानं नाय जात. माझा माणूस तीस वर्षं गटारात उतरायचा, पालिकेत. रोज संध्याकाळी असंच लावायचे मी. वास जाईपर्यंत पोरीला उचलून घ्यायचा नाय तो."

त्या तीस वर्षांत माझ्यासारख्या किती जणींनी आपलं स्टील चकचकीत ठेवून सगळं त्याच्याकडे धाडलं असेल. मला रडू आलं. उपकार हा शब्द आता तोंडातून निघेना.

मावशी म्हणाल्या, "दुसरा हात द्या."